तुलना कोणाशी? नोकरीतील भेदभावाचे न्यायनिर्णय वाचताना

नोकरीच्या ठिकाणी झालेल्या भेदभावाविरुद्ध कर्मचारी न्यायालयात जातो आणि काही वर्षांनी निकाल लागतो, तेव्हा तो निकाल सामान्य वाचकापर्यंत बहुधा एका मथळ्याच्या रूपाने पोहोचतो : याचिका मंजूर झाली किंवा फेटाळली गेली, नियम रद्द झाला किंवा कायम राहिला. प्रत्यक्ष निकालपत्रात मात्र आदेशाचा भाग शेवटी दोन-चार परिच्छेदांत आटोपलेला असतो, आणि त्याआधीच्या सगळ्या पानांत न्यायालय ज्या वाटेने त्या आदेशापर्यंत आले ती वाट नोंदवलेली असते. आदेश त्या प्रकरणातील पक्षकारांपुरता असतो. कारणमीमांसा मात्र पुढे तशाच अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या कामी येते किंवा त्याच्या आड येते, म्हणून ती वाचणे अधिक गरजेचे असते. गेल्या साठ वर्षांत भारतीय न्यायालयांनी दिलेले असे निकाल, विशेषतः मुंबईतून उद्भवलेल्या प्रकरणांतील निकाल, शेजारी शेजारी ठेवून वाचले तर असे दिसते की, या कारणमीमांसेचा कणा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाचा असतो : तक्रार करणाऱ्याची तुलना न्यायालयाने कोणाशी केली? तुलनेसाठी घेतलेला गट बदलला की निकालाची दिशा बदलते, आणि हा गट कसा निवडला गेला हे ज्याने पाहिले नाही त्याला निकाल कळला असे म्हणता येत नाही.

बोलण्यात ‘भेदभाव’ हा शब्द अन्यायाच्या कोणत्याही अनुभवासाठी वापरला जातो, परंतु कायद्यातील त्याचा अर्थ बराच अरुंद आहे. वरिष्ठ उद्धटपणे वागला, बदली गैरसोयीच्या ठिकाणी झाली किंवा बढती दुसऱ्याला मिळाली, एवढ्याने कायद्याच्या दृष्टीने भेदभाव सिद्ध होत नाही. सारख्या स्थितीतील दोघांना वेगळी वागणूक मिळाली आणि त्या वेगळेपणाला कायद्याने मान्य केलेले कारण नाही, किंवा कायद्याने निषिद्ध ठरवलेले कारण आहे, हे दाखवावे लागते. संविधानाचा अनुच्छेद १४ कायद्यापुढील समानतेची हमी देतो, अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून राज्यसंस्थेने भेदभाव करण्यास मनाई करतो, आणि अनुच्छेद १६ सरकारी नोकरीत समान संधी देताना या यादीत कूळ आणि निवासस्थान यांची भर घालतो. समानता म्हणजे सर्वांना एकच माप असा अर्थ मात्र न्यायालयांनी कधीच घेतलेला नाही. वेगवेगळ्या स्थितीतील लोकांचे गट पाडण्याची मुभा सरकारला आहे, पण त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात : गटात आलेले आणि गटाबाहेर राहिलेले यांच्यातील फरक स्पष्ट सांगता आला पाहिजे, आणि त्या फरकाचा नियमाच्या उद्दिष्टाशी तर्कसंगत संबंध असला पाहिजे. यालाच वाजवी वर्गीकरणाची कसोटी म्हणतात. नोकरीतील भेदभावाच्या बहुतेक प्रकरणांतील वाद या कसोटीच्या पहिल्या अटीभोवती फिरतो, कारण ‘आमचे हे कर्मचारी आणि ते कर्मचारी मुळात वेगळ्या वर्गातले आहेत’ असे म्हणणे हा मालकाचा सर्वांत जुना आणि सर्वांत परिणामकारक बचाव आहे.

त्याआधी एक प्राथमिक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे प्रकरण कोणत्या कायद्याखाली चालले. अनुच्छेद १५ चे पहिले कलम आणि अनुच्छेद १६ हे राज्यसंस्थेला, म्हणजे सरकार, स्थानिक संस्था, सार्वजनिक महामंडळे आणि सरकारच्या नियंत्रणाखालील तत्सम संस्थांना बांधतात. खासगी कंपनीविरुद्ध ते थेट वापरता येत नाहीत. खासगी क्षेत्रातील सर्व प्रकारच्या भेदभावाला एकत्रितपणे लागू होईल असा एकच कायदा भारतात नाही. वेतनासाठी एक, मातृत्वासाठी दुसरा, दिव्यांगांसाठी २०१६ चा, एचआयव्ही बाधितांसाठी २०१७ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा, असे स्वतंत्र कायदे आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याच्या नोकरी-व्यवसायात आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे ही अनुचित प्रथा ठरवली. परिणामी खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याची तक्रार खरी असूनही ती यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही असे घडू शकते, आणि तेव्हा निकालात दिसणारा पराभव हा पुराव्याचा नसून कायद्यातील रिकाम्या जागेचा असतो. ही जागा भरून काढण्याचे काम संसदेचे आहे आणि ते फार काळ रेंगाळले आहे.

खासगी मालकाविरुद्ध दाद मागण्याचा जुना मार्ग औद्योगिक विवादाचा होता. मुंबईतील इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषधनिर्मिती कंपनीत वेष्टनाच्या विभागात काम करणाऱ्या अविवाहित स्त्रियांची नोकरी लग्न होताच संपत असे. बॉम्बे लेबर युनियनने हा नियम औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेला, तेथे यश आले नाही, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम काढून टाकण्याचा आदेश दिला. कंपनीचे म्हणणे असे होते की, या विभागात काम गटाने चालते, त्यामुळे हजेरी नियमित लागते, आणि विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात. न्यायालयाने या कारणाची तपासणी करताना विवाहित स्त्रीची तुलना पुरुषाशी केली नाही. ती अविवाहित स्त्रीशी आणि विधवेशी केली. विधवेलाही मुले असू शकतात, तिलाही घर सांभाळावे लागते, मग तिच्यावर बंदी नसताना विवाहित स्त्रीवरच का, असा तो विचार होता. उरला फरक प्रसूतीच्या रजेचा, आणि त्यासाठी थोडी राखीव माणसे ठेवणे मालकाला कठीण नाही, असे न्यायालयाने म्हटले. संविधानातील समानतेच्या हमीचा आधार न घेता, केवळ मालकाच्या कारणाला व्यवहाराच्या कसोटीवर घासून हा निकाल लागला, म्हणून तो आजही वाचण्यासारखा आहे.

त्यानंतर सोळा वर्षांनी, २८ ऑगस्ट १९८१ रोजी, एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा या प्रकरणाचा निकाल लागला, आणि भेदभावविषयक भारतीय कायद्याचा पुढचा कित्येक वर्षांचा मार्ग त्याने ठरवला. मुंबई उच्च न्यायालयातील याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग होऊन तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे चाललेल्या या प्रकरणात एअर इंडियाच्या सेवाविनियमांना आव्हान दिले गेले होते. त्या विनियमांनुसार हवाई सुंदरीला वयाच्या ३५ व्या वर्षी, किंवा सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास विवाहाच्या वेळी, किंवा पहिल्या गर्भारपणाच्या वेळी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हावे लागे. वयाची मर्यादा ४५ पर्यंत वाढवायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या इच्छेवर होते. त्याच विमानात प्रवाशांच्या सेवेचे बरेचसे तसेच काम करणारे पुरुष कर्मचारी, ज्यांना फ्लाइट पर्सर म्हणत, ते ५८ व्या वर्षी निवृत्त होत.

या निकालाचे वर्णन स्त्रियांचा विजय असेही केले जाते आणि पराभव असेही, आणि दोन्ही वर्णने अपुरी आहेत, कारण एकाच निकालपत्रात न्यायालयाने तीन वेगवेगळ्या प्रकारे विचार केला आहे. पर्सरशी तुलना न्यायालयाने नाकारली. दोघांची भरतीची पात्रता वेगळी, सुरुवातीचे वेतन वेगळे, बढतीच्या वाटा वेगळ्या आणि सेवेच्या अटी वेगळ्या, म्हणून हे दोन स्वतंत्र संवर्ग आहेत आणि अनुच्छेद १४ खाली त्यांची तुलना होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. चार वर्षांच्या आतील विवाहाची अट न्यायालयाने कायम ठेवली, आणि त्यासाठी प्रशिक्षणावरील खर्च, कुटुंबनियोजन आणि वाढत्या वयाबरोबर येणारी प्रगल्भता अशी कारणे दिली. पहिल्या गर्भारपणाची अट मात्र मनमानी आणि सुसंस्कृत समाजाला न शोभणारी म्हणून रद्द केली, आणि संचालकाला दिलेला अनिर्बंध अधिकारही, कोणतेही मार्गदर्शक निकष नसल्यामुळे, रद्द केला.

गर्भारपणाची अट रद्द करताना न्यायालयाला कोणाशी तुलना करावी लागली नाही, कारण तिथे कसोटी वर्गीकरणाची नव्हती, मनमानीची होती : नियम स्वतःच इतका अवाजवी असेल की तो कोणालाही लागू करणे अन्यायाचे ठरावे, तर तो अनुच्छेद १४ च्या विरोधात जातो. जिथे तुलना अपरिहार्य होती, तिथे मात्र स्त्रिया हरल्या. त्या पराभवामागचा युक्तिवाद नीट पाहिला तर त्यातील चूक दिसते. हवाई सुंदरीची पात्रता, वेतन, बढती आणि सेवेच्या अटी वेगळ्या होत्या हे खरे, पण त्या वेगळ्या कोणी केल्या, हा प्रश्न न्यायालयाने हवा तितका पुढे नेला नाही. ज्या मालकाने स्त्रियांसाठी वेगळा संवर्ग निर्माण केला आणि त्याला वेगळ्या अटी जोडल्या, त्याच मालकाला त्या अटींकडे बोट दाखवून ‘पाहा, हे लोक वेगळे आहेत’ असे म्हणण्याची मुभा मिळाली, आणि भेदभावाची तक्रार ज्याबद्दल होती तेच तक्रारीचे उत्तर बनले.

याच निकालातील दुसरा मुद्दा ‘केवळ’ या एका शब्दाचा आहे. अनुच्छेद १५ आणि १६ यांत केवळ अमुक कारणावरून भेदभाव करता येणार नाही अशी रचना आहे. न्यायालयाने तिचा अर्थ असा लावला की, फक्त लिंग हेच कारण असेल तर भेदभाव निषिद्ध आहे, पण लिंगाबरोबर इतर विचारही असतील तर हे अनुच्छेद आड येत नाहीत. हा अर्थ मान्य केला तर अनुच्छेदाच्या कक्षेत फारच थोडे उरते, कारण ‘तू स्त्री आहेस म्हणून नको’ असे उघडपणे लिहिणारा मालक विरळा. बाकीचे वय, विवाह, गर्भारपण, रात्रपाळी, शारीरिक क्षमता असे काहीतरी त्यासोबत जोडतात. या अर्थावर सर्वोच्च न्यायालयातच पुढे टीका झाली. २०१८ मध्ये नवतेज जोहर प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठातील न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र मतात असे दाखवले की, लिंगाविषयीच्या ठोकळेबाज समजुतींवर आधारलेला नियम हा लिंगावरूनच केलेला भेदभाव असतो. इथे वाचकाने एक खूणगाठ बांधावी. सहमती दर्शवणारे पण स्वतंत्रपणे लिहिलेले मत हे त्या न्यायाधीशाचे असते, आणि इतरांनी त्यातील तो मुद्दा स्वीकारला असेल तेवढ्यापुरतेच ते पीठाचे ठरते. निकालाला ज्या कारणांवाचून पर्याय नाही त्यांना निर्णयाधार म्हणतात आणि तोच पुढच्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्याखेरीज ओघात व्यक्त झालेली मते आदराने वाचली जातात, पण ती बांधत नाहीत. एअर इंडियाच्या निकालात तिसऱ्या गर्भारपणाला निवृत्तीची अट ठेवली तर ती वाजवी ठरेल अशा आशयाचे जे विवेचन आहे, ते या दुसऱ्या प्रकारात मोडते.

संवर्ग वेगळा असल्याचा बचाव पुन्हा सहा वर्षांनी, पुन्हा मुंबईतूनच, सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि या वेळी तो टिकला नाही. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा असे त्या प्रकरणाचे नाव आहे. कंपनीचे नाव आधी आहे याचा अर्थ कंपनीने दावा लावला असा नव्हे. अपील करणाऱ्याचे नाव आधी येते, आणि इथे कामगार खात्याच्या अपील अधिकाऱ्यापासून मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत हरत आलेली कंपनी अपिलात गेली होती. या जहाज कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली गोपनीय लघुलेखनाचे काम स्त्रिया करत आणि त्यांचे वेतन पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी होते. हा फरक संघटनेशी झालेल्या करारातही नोंदवलेला होता. दावा १९७६ च्या समान वेतन कायद्याखालचा होता, आणि त्या कायद्याची भाषा संवर्गाची नसून कामाची आहे : एकच किंवा समान स्वरूपाचे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना समान वेतन.

कंपनीने सांगितले की, गोपनीय लघुलेखनाच्या जागेवर एकही पुरुष नाही, त्यामुळे तुलनेला माणूसच नाही. २६ मार्च १९८७ च्या निकालात न्यायमूर्ती ई. एस. व्यंकटरामय्या यांनी याला दिलेले उत्तर एअर इंडियाच्या निकालात न विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर आहे : त्या जागांवर फक्त स्त्रिया असतील तर त्याचे कारण व्यवस्थापनाला त्या तिथे हव्या आहेत हे आहे, त्या कामाला स्त्रिया विशेष पात्र आहेत असे नाही, आणि पुरुष लघुलेखकांचे काम करायला त्या अपात्र आहेत असेही नाही. काम समान आहे की नाही हे ठरवताना पदनामे आणि कागदावरच्या जबाबदाऱ्या यांच्यापेक्षा प्रत्यक्ष केले जाणारे काम पाहावे, किरकोळ फरकांना महत्त्व देऊ नये, असे न्यायालयाने सांगितले. संघटनेने करारावर सही केली आहे हा बचाव चालला नाही, कारण कायदा करारापेक्षा वरचढ आहे. कंपनीची आर्थिक स्थिती बरी नाही हा बचावही चालला नाही, कारण तशी सवलत कायद्यात नव्हती. शिवाय समानता साधण्यासाठी पुरुषांचे वेतन कमी करण्यास तो कायदा मनाई करत होता. त्या लघुलेखिकेला मिळालेली फरकाची रक्कम सुमारे ७,२०० रुपये होती. समान वेतन कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असली तरी समान किंवा समान स्वरूपाचे काम ही कल्पना तिच्यातही आहे, त्यामुळे या निकालाची उपयुक्तता संपलेली नाही.

तर मग दोन निकालांत एवढे अंतर का पडले? एक कारण असे की, पहिले प्रकरण मुख्यतः संविधानाच्या आणि दुसरे एका विशिष्ट कायद्याच्या आधारे चालले. समान वेतन कायद्याचा आधार एअर इंडियाच्या प्रकरणातही घेतला गेला होता. परंतु त्या कायद्याने केंद्र सरकारला असे जाहीर करण्याचा अधिकार दिला होता की, अमुक आस्थापनेतील वेतनाचा फरक लिंगाव्यतिरिक्त अन्य घटकांवर आधारलेला आहे, आणि एअर इंडियाच्या बाबतीत तशी घोषणा १९७९ मध्ये केली गेली होती. न्यायालयाने ती ग्राह्य धरली. म्हणजे तुलनेचे दार न्यायालयात पोहोचण्यापूर्वीच प्रशासनाने अर्धे लावून घेतले होते, आणि हे निकालपत्रातील वस्तुस्थितीचा भाग बारकाईने वाचल्याशिवाय कळत नाही.

मालकाने दिलेले कारण तपासण्याच्या पद्धतीतही काळानुसार बदल झाला आहे. पंजाब अबकारी कायद्याने १९१४ पासून मद्य प्राशन होणाऱ्या जागी स्त्रियांना नोकरी देण्यास बंदी घातली होती, आणि तिचे समर्थन स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या नावाने केले जात होते. डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द करताना म्हटले की, सुरक्षितता पुरवणे हे सरकारचे काम आहे. ते न करता स्त्रीची नोकरीच काढून घेणे हा संरक्षणाचा मार्ग होऊ शकत नाही. मुंबईतील चित्रपटसृष्टीत रंगभूषाकार आणि केशभूषाकार यांच्या संघटनेच्या नियमांनुसार स्त्रियांना केशभूषा करता येई, रंगभूषा नाही. पुरुषांच्या रोजगारावर गदा येईल हे त्यामागचे कारण होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये चारू खुराना प्रकरणात न्यायालयाने हा नियम आणि त्यासोबतची महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट, दोन्ही रद्द केले. संघटना खासगी होती, पण ती कामगार संघटना कायद्याखाली नोंदलेली होती आणि तिचे नियम सरकारी निबंधकाने मान्य केलेले होते, या दुव्याचा उपयोग न्यायालयाने करून घेतला. खासगी संस्थेविरुद्धचा निकाल वाचताना असा दुवा कुठे सापडला हे शोधणे नेहमीच फायद्याचे ठरते.

मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ हा निकाल शीर्षकापासूनच वेगळा आहे. अर्जदाराची ओळख उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने पक्षकारांच्या नावांऐवजी अक्षरे वापरू दिली. सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीत हंगामी मजूर म्हणून काम करणाऱ्या माणसाची रक्ततपासणी झाली, तो एचआयव्ही बाधित निघाला आणि त्याचे काम बंद झाले. पुढे तो आजारी पडेल आणि कंपनीवर बोजा येईल या भीतीला न्यायालयाने पुरेसे कारण मानले नाही. कामाला आज तो सक्षम आहे का आणि त्याच्यामुळे इतरांना खरोखर मोठा धोका आहे का, हे त्या व्यक्तीपुरते तपासल्याशिवाय काम नाकारणे हे अनुच्छेद १४ आणि २१ यांच्या विरोधात आहे, असे न्यायालयाने ठरवले. तुलनेच्या भाषेत सांगायचे तर, कंपनी त्याची तुलना निरोगी माणसांशी करत होती, न्यायालयाने ती काम करू शकणाऱ्या माणसांशी केली.

आतापर्यंतच्या प्रकरणांत नियमातच वेगळी वागणूक लिहिलेली होती. नियम सर्वांना एकच असेल आणि तरीही त्याचा मार एका गटालाच बसत असेल, तर त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या प्रकरणात ही कल्पना मांडली : नॉर्थ कॅरोलिनातील वीज कंपनीने शालान्त प्रमाणपत्राची आणि चाचण्यांची अट घातली, जिचा कामाच्या कुशलतेशी संबंध दाखवता आला नाही आणि जिच्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात बाहेर राहिले. भारतात या कल्पनेची सर्वांत सविस्तर मांडणी २५ मार्च २०२१ च्या नितिशा विरुद्ध भारत सरकार या निकालात सापडते.

त्या प्रकरणाची पार्श्वभूमी अशी की, फेब्रुवारी २०२० मध्ये बबिता पुनिया प्रकरणात न्यायालयाने भूदलातील अल्पकालीन सेवेतील स्त्री अधिकाऱ्यांना पुरुषांप्रमाणे कायम सेवेसाठी विचारात घेण्याचा आदेश दिला. सैन्याने त्यासाठी निवड मंडळ बसवले आणि निकष लावले, आणि ते वरकरणी स्त्री-पुरुषांना सारखे होते. वैद्यकीय तंदुरुस्तीची सर्वोच्च श्रेणी आवश्यक होती. पण पुरुषांची ही तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झाली होती, तर स्त्रियांची आता, चाळिशी-पन्नाशीत होत होती, कारण त्यांना ती संधी त्या वयात दिलीच गेली नव्हती. वार्षिक गोपनीय अहवालांचे गुण धरले जाणार होते. पण ते अहवाल लिहिले गेले तेव्हा स्त्रियांना कायम सेवेचा मार्गच बंद असल्यामुळे ते लिहिणाऱ्यांनीही त्यांकडे गांभीर्याने पाहिले नव्हते. आणि त्या स्त्रियांची गुणवत्ता त्यांच्या तुकडीतील कायम सेवा मिळालेल्या सर्वांत कमी गुणांच्या पुरुषाशी ताडून पाहिली जाणार होती. तुलना होत होती, समान मापानेही होत होती, पण एका बाजूला तारुण्यातला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला मध्यम वयातली स्त्री ठेवून. न्यायालयाने कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या विवेचनाचा आधार घेत दोन पायऱ्यांची कसोटी मांडली : नियमाचा एखाद्या गटावर प्रमाणाबाहेर परिणाम होतो का, आणि त्या परिणामामुळे त्या गटाची आधीचीच गैरसोय आणखी पक्की होते का. भेदभाव करण्याचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, कारण संस्थेची रचनाच असा परिणाम घडवू शकते, हे या निकालाने स्पष्टपणे सांगितले. वैद्यकीय निकष ज्या काळात लावायला हवा होता त्या काळातील प्रकृतीला लावावा, आणि मंडळाच्या मूल्यमापनात साठ टक्क्यांची पात्रता गाठणाऱ्या स्त्री अधिकाऱ्यांना इतर अटी पूर्ण होत असल्यास कायम सेवा द्यावी, असा आदेश झाला. भारतीय न्यायालयांनी या विषयावर लिहिलेल्या निकालपत्रांत हे सर्वांत विचारपूर्वक लिहिलेल्यांपैकी एक आहे, आणि ज्याला एकच वाचायचे असेल त्याने हे वाचावे.

मात्र नितिशा हा दोन न्यायाधीशांचा निकाल आहे आणि एअर इंडिया तीन न्यायाधीशांचा. अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, पण सर्वोच्च न्यायालयातच लहान पीठ मोठ्या पीठाला मागे सारू शकत नाही. २००३ मध्ये एअर इंडियाच्या स्त्री कर्मचाऱ्यांना ५० व्या वर्षी उड्डाणाच्या कामावरून उतरवून पुढे ५८ पर्यंत जमिनीवरचे काम देण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने भेदभावाचा ठरवला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला, त्यामागे १९८१ च्या निकालाचे हे वजन होते. त्यामुळे एखादा निकाल पुरोगामी आहे म्हणून तो पुढच्या प्रकरणात चालेलच असे धरून चालता येत नाही. पीठ किती जणांचे होते, हे निकालपत्राच्या पहिल्याच पानावर पाहून ठेवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद अलीकडच्या वर्षांत अधिकृतपणे उपलब्ध होऊ लागले आहेत, त्यामुळे ही तपासणी वकिलाविनाही बऱ्याच प्रमाणात करता येते. अर्थाबद्दल वाद झाल्यास इंग्रजी पाठच प्रमाण मानला जातो.

याचिका फेटाळली जाणे म्हणजे भेदभाव झाला नाही असा निर्वाळा मिळणे, हाही असाच एक गैरसमज आहे. उशीर झाला, चुकीच्या न्यायालयात आली, दुसरा उपाय शिल्लक होता, किंवा दरम्यान प्रश्न सुटला, या कारणांनीही याचिका फेटाळल्या जातात. सी. बी. मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. त्या सेवेच्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असे सरकारला वाटले तर विवाहानंतर तिला राजीनामा द्यायला सांगता येत असे. बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणी चालू असतानाच त्यांना बढती मिळाली, आणि सप्टेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी याचिका फेटाळली. फेटाळताना त्यांनी स्त्री अधिकाऱ्याची तुलना थेट पुरुष अधिकाऱ्याशी केली : स्त्रीच्या घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येऊ शकत असतील तर पुरुषाच्याही येऊ शकतात. मुथम्मांच्या आधी बढती मिळालेल्या कनिष्ठांच्या तुलनेत त्यांची ज्येष्ठता पुन्हा तपासावी आणि सेवेच्या सर्वच नियमांतून लिंगभेदाचा डाग काढून टाकावा, असे सरकारला सांगून ते निकालपत्र संपते.